ॲन्सिबलच्या रेपोला सीआय बसवताना: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं: आमचे सर्व्हर ॲन्सिबल या साधनाने मांडले जातात, आणि त्याच्या सूचनांच्या रेपोला (कोडच्या साठ्याला) सीआय, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा, बसवायची. मागच्या वेळी हे काम अर्धवट सुटलं तेव्हा नक्की कुठे अडलो होतो ते आता कोणालाच आठवत नाही. मलाही नाही.

रेपोत चौदा रोल्स, म्हणजे एकेका कामाच्या सूचनांचे संच, आहेत: यूजर आणि एसएसएच (दुरून लॉगिन), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस (डेटाबेस), बॅकअप, लॉग रोटेशन, फायरवॉल वगैरे. रोलमध्ये बदल केला की तो तपासायची आमची पद्धत म्हणजे स्टेजिंगवर (सरावाच्या सर्व्हरवर) चालवायचा आणि स्क्रीनकडे बघत बसायचं. त्या स्टेजिंगवर दोन वर्षांत इतक्या हातांनी इतकं काही बसवलंय की तिथे चाललेला रोल कोऱ्या मशीनवर चालेलच याची खात्री देता येत नाही. मागच्या आठवड्यात तेच झालं. नवं मशीन उभं करायला घेतलं आणि बॅकअपचा रोल तिसऱ्याच टास्कला (पायरीला) पडला. त्याला लागणारं एक पॅकेज स्टेजिंगवर कोणीतरी कधीतरी हाताने टाकून ठेवलं होतं. रोलमध्ये त्याचा पत्ताच नाही.

ठरलंय ते असं. गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या आपोआप कामं चालवणाऱ्या सेवेवर) पाइपलाइन, म्हणजे तपासण्यांची साखळी, तिच्यात आधी लिंट (लिखाणातल्या चुका शोधणारं साधन) आणि मग मॉलिक्यूल (रोल प्रत्यक्ष चालवून तपासणारं). प्रत्येक पुल रिक्वेस्टला (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीला) रोल कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या तात्पुरत्या, वेगळ्या कप्प्यात, चालला पाहिजे. स्वतःची शेल स्क्रिप्ट लिहावी का, यावर जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. मी मॉलिक्यूलच्या बाजूने होतो, कारण त्याच्या टेस्टच्या क्रमात एक पायरी आयती मिळते: रोल एकदा चालवून झाला की तोच पुन्हा चालवायचा, आणि दुसऱ्या खेपेला एकही टास्क ‘चेंज्ड’, म्हणजे काहीतरी बदललं, असं म्हणाला तर नापास. आमच्या रोल्सचं खरं दुखणं तिथेच आहे असा माझा अंदाज आहे.

४ मार्च, मंगळवार

लिंट लावलं. ॲन्सिबल-लिंटच्या पहिल्या रनमध्ये ३१२ तक्रारी.

एवढी मोठी यादी पाहिली की दोन मोह होतात, सगळं एका दमात दुरुस्त करायचा किंवा सगळे नियम बंद करून टाकायचा. दोन्ही टाळले. ॲन्सिबल-लिंटमध्ये कडकपणाच्या पायऱ्या असतात, सर्वांत सैल ‘मिन’ आणि सर्वांत कडक ‘प्रॉडक्शन’. मधली ‘सेफ्टी’ निवडली. तिच्यातही उरलेल्या जुन्या तक्रारी दुर्लक्ष-यादीच्या फायलीत टाकल्या. ही फाइल लिंट स्वतःच बनवून देतं. आता नवी चूक लगेच अडेल आणि जुन्या सवडीने निघतील. सवड म्हणजे कधी, ते विचारू नये.

यादीतल्या बऱ्याचशा तक्रारी नावं आणि मोकळ्या जागांच्या होत्या. एक मात्र अशी निघाली की चहा तसाच राहिला. बॅकअपच्या रोलमध्ये एका कॉन्फिग फायलीची परवानगी अवतरणचिन्हांशिवाय ६४४ लिहिलेली. लिहिणाऱ्याला अर्थातच नेहमीचं, अष्टमानातलं ०६४४ (मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं) अभिप्रेत होतं. पण यामलने (रोल ज्या स्वरूपात लिहितात त्याने) तो आकडा साधा दशमान सहाशे चव्वेचाळीस म्हणून वाचला, आणि दशमान ६४४ म्हणजे अष्टमानात १२०४. परिणाम असा की मालकाला फक्त लिहायची परवानगी, गटाला काहीच नाही, आणि इतर सगळ्यांना वाचायची मुभा. शिवाय वर स्टिकी बिट, म्हणजे इथे कोणी न मागितलेली आणखी एक खूण. घराच्या मालकालाच घरात डोकावायची बंदी आणि रस्त्याने जाणाऱ्याला खिडकी उघडी.

मग हे इतके दिवस चाललं कसं? बॅकअप रूटच्या (सर्वाधिकारी यूजरच्या) नावाने चालतं आणि रूटला परवानग्यांचं सोयरसुतक नसतं. वेगळ्या यूजरखाली चालणाऱ्या सर्व्हिसची ती फाइल असती तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. आता सगळीकडे अवतरणात, आघाडीच्या शून्यासह.

गंमत म्हणजे यामलची मांडणी तपासणाऱ्या यामललिंटने पाइपलाइनच्या स्वतःच्या फायलीवरही बोट ठेवलं. गिटहबच्या वर्कफ्लोत (पाइपलाइनच्या त्या फायलीत) ‘ऑन’ ही ‘की’ लागतेच, आणि यामलच्या १.१ आवृत्तीत ‘ऑन’ म्हणजे ‘ट्रू’. त्या नियमापुरती ‘की’ची तपासणी बंद केली.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा.

आमचे निम्मे रोल सर्व्हिस सुरू करतात, म्हणजे सिस्टमडीशी बोलतात. साध्या डेबियन किंवा उबंटूच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यापासून बनतो त्या साच्यात) पहिली प्रोसेस सिस्टमडी नसतेच, त्यामुळे पहिल्याच सर्व्हिसला उत्तर येतं की ही यंत्रणा सिस्टमडीने बूट झालेली नाही. त्यासाठी सिस्टमडी आत असलेली इमेज बनवली आणि कंटेनर सुरू होताना तोच पहिला चालेल असं केलं. तरी कंटेनर उभा राहून दोन सेकंदांत मरायचा. लॉग कोरा.

कारण शोधायला दुपार गेली. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती सांगतात की यजमानाचं (कंटेनर चालवणाऱ्या मशीनचं) सीग्रुपचं झाड, म्हणजे प्रोसेसना साधनं वाटून देणारी कर्नलची फोल्डररचना, फक्त वाचण्यापुरतं आत जोडा. ते सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीच्या काळातलं ज्ञान. उबंटू २१.१० पासून दुसरी आवृत्ती आपसूक लागू असते, आणि तिथे सिस्टमडीला ते झाड लिहिण्यासाठीही लागतं, शिवाय सीग्रुपची नेमस्पेस (त्या झाडाकडे बघायची चौकट) यजमानाचीच द्यावी लागते. दोन ओळी बदलल्या आणि कंटेनर जगला.

कंटेनर प्रिव्हिलेज्ड (जादा अधिकारांसह) चालवावा लागतोय. म्हणजे आतला रूट जवळजवळ बाहेरचाही रूट. गिटहबचा रनर (जॉब चालवणारं मशीन) प्रत्येक जॉबनंतर फेकून दिला जातो, म्हणून तिथे चालेल. उद्या कोणी पैसे वाचवायला ही पाइपलाइन आपल्याच सर्व्हरवरच्या रनरवर हलवायचं म्हणालं तर त्याला ही नोंद दाखवायची.

७ मार्च, शुक्रवार

आधी लॅपटॉपवर मॉलिक्यूल चालवून पाहिलं. चौदापैकी पाचच रोल दुसऱ्या खेपेला गप्प बसले. बाकीचे नऊ प्रत्येक खेपेला काही ना काही ‘बदलतात’.

सहा रोलमधलं कारण किरकोळ: कमांड किंवा शेल मॉड्यूल. आत नुसती आवृत्ती विचारली तरी ॲन्सिबल त्याला ‘चेंज्ड’च धरतं, कारण तुम्ही आत काय केलं ते त्याला कळायला मार्ग नाही. ते आपण सांगायचं असतं. नुसतं वाचणाऱ्या टास्कना ‘चेंज्ड-व्हेन’ खोटं, आणि फाइल तयार करणाऱ्यांना ‘क्रिएट्स’ (फाइल आधीच असेल तर टास्क सोड). दोन रोलमध्ये टेम्प्लेटच्या (कॉन्फिग फाइल बनवणाऱ्या साच्याच्या) डोक्यावर ‘ही फाइल अमुक वेळी तयार झाली’ अशी तारीख-वेळेची ओळ होती. प्रत्येक रनला वेळ नवी, म्हणून फाइल नवी, म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट. प्रॉडक्शनवर (खऱ्या सर्व्हरवर) एनजिनएक्स दर रनला कारण नसताना रीलोड होत होता आणि आम्ही ‘ॲन्सिबल असंच करतं’ म्हणत होतो.

नववा रोल खरा गुन्हेगार. उघड्या फायलींची मर्यादा वाढवण्यासाठी त्यात एक शेल टास्क होतं: एको करून ओळ लिमिट्सच्या फायलीच्या शेवटी जोडायची. दर रनला. शंका आली म्हणून एका जुन्या सर्व्हरवर जाऊन मोजलं. तीच ओळ ६१ वेळा. एकाखाली एक, शिस्तीत उभी. नुकसान काही नाही, शेवटची ओळ आणि पहिली ओळ सारखीच. पण कोणी रोलमधला आकडा कमी करून परत मोठा केला असता तर त्या फायलीवरून काही उमगलं नसतं. ते टास्क काढून लाइन-इन-फाइल लावलं, ते ओळ नसेल तरच जोडतं.

मॉलिक्यूलमध्ये एक टॅग आहे, तो टास्कला लावला की दुसऱ्या खेपेच्या तपासणीतून ते टास्क सुटतं. रात्री उशिरा तीन टास्कना तो लावला होता. सकाळी काढला. सुटकेचा दरवाजा एकदा उघडा ठेवला की सगळी वर्दळ तिथूनच होते.

१० मार्च, सोमवार

पाइपलाइन मेनवर, म्हणजे रेपोच्या मुख्य शाखेत. तीन डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार), म्हणजे डेबियन १२, उबंटू २२.०४ आणि उबंटू २४.०४, गुणिले चौदा रोल, एकूण ४२ जॉब. लिंटचा वेगळा. मॉलिक्यूलचं सगळं आउटपुट फायलीतही उतरवून आर्टिफॅक्ट (रनसोबत जपलेली फाइल) म्हणून ठेवतोय, म्हणजे नंतर शांतपणे वाचता येईल.

पहिल्याच पूर्ण रनला सगळं हिरवं. टीमच्या चॅटवर स्क्रीनशॉट टाकला. अंगठे आले.

१२ मार्च, बुधवार

दर पुल रिक्वेस्टला ४२ जॉब म्हणजे अतीच. वाचा-मला (रीडमी) फायलीतलं स्पेलिंग सुधारलं तरी पोस्टग्रेस तीनदा बसवला जातो. बदललेल्या रोलपुरतेच जॉब चालवायचे. त्यासाठी तयार ॲक्शन (पाइपलाइनमध्ये जोडायचा, दुसऱ्यांनी लिहिलेला तुकडा) मिळते, ‘चेंज्ड-फाइल्स’ नावाची, बरेच लोक वापरतात. माझ्या ब्रँचवर (वेगळ्या शाखेवर) टॅगने, म्हणजे आवृत्तीच्या नावाने, जोडली. उद्या-परवा पूर्ण करतो.

१७ मार्च, सोमवार

बरं झालं, उद्या-परवा आलाच नाही.

शुक्रवारी, १४ तारखेला, नेमकी तीच टीजे-ॲक्शन्सची ‘चेंज्ड-फाइल्स’ फोडली गेली. हल्लेखोराने तिचे जुने टॅग हलवून सगळे एकाच दूषित कमिटकडे (कोडच्या नोंदवलेल्या बदलाकडे) वळवले. ते कमिट रनरच्या मेमरीतून गुपितं (पासवर्ड, किल्ल्या) उपसून जॉबच्या लॉगमध्ये छापत होतं, बेस६४ या सांकेतिक लिखाणात दोनदा गुंडाळून. दोनदा गुंडाळलेलं असल्यामुळे गुपितं झाकणारी नेहमीची तारकांची पट्टी तिथे लागत नाही. रेपो सार्वजनिक असेल तर लॉगही सार्वजनिक. २३,००० हून जास्त रेपो ही ॲक्शन वापरत होते. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२५-३००६६ म्हणून नोंद झालीये.

आमच्याकडे ती फक्त माझ्या ब्रँचवर होती आणि त्या ब्रँचवर बुधवारनंतर एकही रन झालेला नाही. तरी सगळे लॉग एकदा चाळले. या पाइपलाइनला गुपित असं काही दिलेलंच नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. चाचणीसाठी लागणारे पासवर्ड म्हणजे मॉलिक्यूलच्या फोल्डरमधली उघडी, खोटी मूल्यं. प्रॉडक्शनच्या व्हॉल्टची (गुपितांच्या कुलूपबंद फायलीची) किल्ली सीआयला द्यायची का, हा प्रश्न पहिल्या दिवशी आला होता तेव्हा मी ‘नको’ म्हणालो होतो. तेव्हा कारण आळस हे होतं. आता तत्त्व आहे असं सांगेन.

आज केलेले बदल दोन. बाहेरच्या प्रत्येक ॲक्शनचा टॅग काढून पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश (त्या कमिटच्या मजकुरावरून ठरणारा ठसा) लिहिला. टॅग हा बोर्ड असतो, रात्रीतून कोणी फिरवू शकतं. हॅश फिरवता येत नाही. आणि बदललेले रोल शोधायला ॲक्शन काढून गिटचाच डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) घेतला. सहा ओळींचं काम. त्यात एकदाच ठेच लागली: चेकआउटची ॲक्शन फक्त शेवटचं एक कमिट आणते, मग मेनशी तुलना करायला मेनच नसतं. खोली शून्य दिली की सगळा इतिहास येतो.

१८ मार्च, मंगळवार

आजचा दिवस लक्षात राहील.

टीममधली सगळ्यांत नवी सहकारी बॅकअपच्या रोलवर काम करत होती. एक टास्क किती वेळ घेतं ते पाहायला तिने आर्टिफॅक्टमधला लॉग उघडला. थोड्या वेळाने माझ्या खुर्चीमागे येऊन उभी.

“अरे, हे बघ ना. इथे खाली फेल्ड बरोबर एक लिहिलंय.”

“कुठल्या रनमध्ये?”

“माझ्याच. पण वर टिक हिरवी आहे.”

मी म्हटलं, जुना लॉग असेल. जुना नव्हता. शेजारचा रन उघडला, तो ठीक. त्याच्या आधीचा उघडला, त्यात तिसऱ्याच टास्कला लाल अक्षरं. वर टिक हिरवी.

१० तारखेपासून मर्ज झालेल्या (मेनमध्ये घेतलेल्या) नऊ पुल रिक्वेस्ट एकेक करून तपासल्या. चार खरं तर नापास होत्या. पाइपलाइनने चारही हिरव्या दाखवल्या.

कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत, म्हणून जास्त लाज वाटली. आउटपुट फायलीत उतरवायला मी मॉलिक्यूलची कमांड पाइपने ‘टी’ला (आउटपुट दाखवताना फायलीतही उतरवणाऱ्या कमांडला) जोडली होती. शेलमध्ये पाइपने जोडलेल्या ओळीचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. मॉलिक्यूल बिचारा एक (म्हणजे नापास) परत देऊन ओरडत होता, आणि टी त्याचं ओरडणं नीट फायलीत उतरवून शून्य (म्हणजे पास) परत देत होती. तिचं काम तिने चोख केलं. आठ दिवस आम्ही टीचा निकाल बघत होतो.

यावर उपाय पाइपफेल (मधली कमांड पडली तरी सगळी ओळ नापास धरायचा पर्याय), हे शेल लिहिणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, आणि गिटहब तो आपणहून लावतं असंही माझ्या डोक्यात पक्कं होतं. अर्धंच खरं. स्टेपमध्ये शेल कोणता ते लिहिलंच नाही तर लिनक्सवर बॅशच चालतो, पण फक्त ‘ई’ (चूक आली की थांब) पर्यायासह, पाइपफेलशिवाय. शेल म्हणून ‘बॅश’ असं स्वतः लिहिलं तर पाइपफेल लागतो. बॅश तोच, नाव घेऊन हाक मारली तर जास्त शहाण्यासारखा वागतो. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

वर्कफ्लोच्या माथ्यावर सगळ्या स्टेप्ससाठी शेल बॅश ठरवून टाकला. लगेच मेन लाल. चार रोल, सात जॉब. चॅटवर स्क्रीनशॉट टाकला. या वेळी अंगठे नाहीत.

१९ मार्च, बुधवार

सातही जॉब दुरुस्त. पाच जॉबचं मूळ कारण एकच: डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ वर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) थेट काही टाकू देत नाहीत, ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ म्हणून नकार येतो. पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावामुळे आलेला नियम. नकारासोबतच तो ओलांडायचा पर्यायही छापलेला असतो, आणि त्याचं नावच ‘सिस्टीमची पॅकेजेस मोडा’ अशा अर्थाचं आहे. इतकं प्रामाणिक नाव वाचूनही तो लावायचा म्हणजे कमाल. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा वेगळा कप्पा) केलं आणि सुटलो. उरलेले दोन जॉब टायपोचे.

२० मार्च, गुरुवार

मोडतोडीचा दिवस. सहकारीणीची कल्पना. ती म्हणाली, लाल कधी येतो ते आपण अजून पाहिलेलंच नाही, मग हिरव्यावर विश्वास कसा ठेवायचा? एका ब्रँचवर एकेक गोष्ट मुद्दाम मोडायची आणि पाइपलाइन काय म्हणते ते लिहून ठेवायचं.

यामलची मांडणी बिघडवली: लिंटने पकडली, अकरा सेकंदांत. परवानगीची अवतरणं काढली: लिंट. पॅकेजचं नाव चुकवलं: मॉलिक्यूलच्या पहिल्याच खेपेत लाल. टेम्प्लेटमध्ये वेळेची ओळ परत घातली: दुसऱ्या खेपेत लाल. इथवर सगळं मनासारखं.

मग एनजिनएक्सच्या टेम्प्लेटमध्ये पोर्ट ८०८० चा ८०८१ केला. हिरवं. सुडोअर्सच्या (सुडो कमांडने कोणाला रूटचे अधिकार मिळतील ते ठरवणाऱ्या) फायलीतला एक स्वल्पविराम उडवला. हिरवं. हे दुसरं पाहून मात्र पोटात गोळा आला. सुडोअर्समध्ये वाक्यरचनेची चूक गेली तर ती ओळ निकामी होते आणि तिच्यावर विसंबलेल्यांचा सुडो चालेनासा होतो, आणि आमच्याकडे रूटने थेट लॉगिन बंद आहे.

आमच्या व्हेरिफायच्या (रोल चालल्यानंतरच्या तपासणीच्या) पायरीत काय होतं ते पाहिलं. फाइल आहे का? आहे. सर्व्हिस चालू आहे का? आहे. म्हणजे रोलने जे केलं तेच आम्ही त्याला परत विचारत होतो. गुन्हेगारालाच साक्षीदार करण्याचा प्रकार.

२१ मार्च, शुक्रवार

व्हेरिफाय नव्याने लिहिलं. धोरण एकच: आत काय ठेवलं ते विचारायचं नाही, बाहेरून कसं वागतं ते विचारायचं. एनजिनएक्सला पोर्टवर खरी विनंती पाठवायची आणि २०० (सगळं ठीक) येतं का ते बघायचं. पोर्टचा आकडा व्हेरिफायमध्ये वेगळा लिहायचा, रोलच्या व्हेरिएबलमधून घ्यायचा नाही, नाहीतर दोघेही एकच चूक करतील. बॅकअपची फाइल बनली का, यावर न थांबता दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून एक ओळ जुळवायची. हे शेवटचं लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि माझ्या मते या सबंध कामातली सगळ्यात मोलाची चाचणी तीच आहे.

सुडोअर्स आणि एसएसएचसाठी चाचणीपर्यंत थांबायचीच गरज नाही. टेम्प्लेट मॉड्यूलमध्ये ‘व्हॅलिडेट’ असतं: फाइल जागेवर ठेवण्याआधी तात्पुरत्या प्रतीवर व्हिसुडो किंवा एसएसएचडीची तपासणी चालते आणि नापास झाली तर जुनी फाइल जागची हलत नाही. हे सर्व्हरवरही संरक्षण देतं, फक्त सीआयमध्ये नाही. एसएसएचडीच्या तपासणीने कंटेनरमध्ये थोडा त्रास दिला. सर्व्हिस कधीच सुरू झालेली नसल्यामुळे रनखालचं त्याचं फोल्डर नसतं आणि तो त्याच कारणाने नापास करतो. तयारीच्या पायरीत फोल्डर केलं.

कालच्या दोन्ही मोडतोडी परत करून पाहिल्या. दोन्ही लाल.

२५ मार्च, मंगळवार

मर्जवर कुलूप: पाइपलाइन हिरवी असल्याशिवाय मेनमध्ये काही जाणार नाही. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम.

जॉबची यादी आता बदललेल्या रोलप्रमाणे बदलते, म्हणून ‘अनिवार्य’ म्हणून एकेका जॉबचं नाव देता येत नाही. जो जॉब त्या दिवशी जन्मालाच आला नाही त्याची वाट बघत मर्ज कायमचा अडून राहतो. म्हणून शेवटी एक गोळाबेरजेचा जॉब ठेवला, बाकी सगळ्यांवर अवलंबून असलेला, आणि तोच अनिवार्य केला.

आता आम्ही शहाणे झालोत, म्हणून लगेच एक रोल मोडून पाहिला. रोलचा जॉब लाल. गोळाबेरजेचा जॉब राखाडी, म्हणजे वगळलेला. आणि मर्जचं बटण उघडं! ज्याच्यावर अवलंबून आहे तो पडला की पुढचा जॉब वगळला जातो, आणि वगळलेला अनिवार्य जॉब गिटहबच्या लेखी उत्तीर्ण. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी पास. गोळाबेरजेच्या जॉबला ‘नेहमी चाल’ ही अट लावली आणि आत प्रत्येक जॉबचा निकाल स्वतः तपासून एकही पडला असेल तर एक परत द्यायला लावलं. पुन्हा मोडून पाहिलं. बटण बंद.

२८ मार्च, शुक्रवार

रात्रीचा रन सुरू. सगळे रोल, सगळे डिस्ट्रो, कोणी काही बदललं नसलं तरी. कारण आपण बदललो नाही तरी जग बदलतं: पॅकेजेस, कलेक्शन्स, इमेजेस. वेळ यूटीसीत (जागतिक वेळेत) धरली जाते हे विसरून पहिला रन सकाळी झाला. दुसऱ्यांदा लिहिताना तासाच्या ठोक्यावरची वेळ टाळली, त्या मिनिटाला सगळ्या जगाचे रन रांगेत असतात आणि उशीर होतो.

कलेक्शन्सच्या (ॲन्सिबलच्या जोडसंचांच्या) आवृत्त्या आता पक्क्या बांधल्या. जुन्या सेंटओएस ७ साठीच्या अटी रोल्समधून काढल्या. त्याची मुदत ३० जून २०२४ लाच संपली आणि मिररची (पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची) यादी देणारा पत्ताही उत्तर देत नाही, त्यामुळे तो भाग तपासताच येत नाही. जे तपासता येत नाही ते ठेवून १४० ओळी सांभाळायच्या कशाला?

फायरवॉल आणि स्वॅपचे रोल कंटेनरमध्ये नीट तपासता येत नाहीत, कर्नल यजमानाचा असतो. रोलमध्ये ‘कंटेनर असेल तर हे टास्क सोड’ अशी अट घालायची सूचना आली होती. मी अडून बसलो. तसं केलं की सीआयमध्ये एक रोल चालतो आणि सर्व्हरवर दुसराच. हे दोन रोल व्हर्च्युअल मशीनवर चालवायचे, रात्रीच. अजून बसवायचंय. तोवर त्यांच्या वाचा-मला फायलीत पहिल्याच ओळीत लिहिलंय की यांना चाचणी नाही.

१ एप्रिल, मंगळवार

मोडतोडीचा दिवस आता जॉब झाला. आठवड्यातून एकदा चालतो, सात पॅच एकेक करून लावतो, प्रत्येकावर पाइपलाइनची तीच स्क्रिप्ट चालवतो आणि निकाल उलटा वाचतो: लाल आला तर ठीक, हिरवा आला तर बोंब. तारीख बघून टीमला वाटलं मी थट्टा करतोय.

२ एप्रिल, बुधवार

सातपैकी सहा पकडल्या. सातवी निसटली.

सातव्या पॅचमध्ये एनजिनएक्सच्या टेम्प्लेट टास्कमधला ‘नोटिफाय’ काढलाय, म्हणजे कॉन्फिग बदललं तरी सर्व्हिसला रीलोड करायला कोणी सांगणार नाही. सर्व्हरवर याचा अर्थ असा की फाइल नवी आणि चालणारी सर्व्हिस जुनी, पुढच्या रीबूटपर्यंत. नवं व्हेरिफाय बाहेरून विनंती करतं, मग ते हिरवं कसं?

सहकारीणीने उलगडा केला. कोऱ्या कंटेनरमध्ये फाइल आधी लिहिली जाते आणि सर्व्हिस त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा सुरू होते. ती नवी फाइल वाचूनच उठते. रीलोडची गरजच पडत नाही. महिनाभर मी ‘कोरं मशीन, कोरं मशीन’ म्हणत होतो, आणि ही चूक फक्त जुन्या मशीनवरच दिसते.

आता तयारीच्या पायरीत एनजिनएक्स बसवून, ९०९० पोर्टचं जुनं कॉन्फिग देऊन सुरू करून ठेवतोय. मग त्यावर रोल, आणि व्हेरिफाय ८०८० वर विचारणार. कोऱ्या मशीनचा प्रसंग तसाच ठेवून हा दुसरा प्रसंग वेगळ्या फोल्डरमध्ये. सर्व्हिस असलेले रोल सात आहेत, म्हणजे असे सात. एनजिनएक्सचा संध्याकाळी झाला. सातव्या पॅचवर लाल आला. उद्या पोस्टग्रेस.